बॉबिन लेस शिकताना : कुठली कटकट टाळायची, कुठली नाही

बॉबिन लेस करणाऱ्याचे हात बघितले की वाटतं, सगळी करामत त्या चलाखीत आहे. तसं नाही. हाताला करायच्या हालचाली दोनच, आणि शाळकरी पोरगंही त्या बसल्या बैठकीला शिकतं. वेळ खातात ती भोवतालची कामं: दोरा भरणं, नमुना टोचणं, जोड्या टांगणं, चुकलेलं उलट क्रमानं सोडवणं, टोकं लपवणं. काही जण याला कंटाळून पहिल्याच पट्टीवर सामान माळ्यावर टाकतात. काही जण नेमकं उलट करतात, सगळं जुन्या रीतीनंच हवं म्हणून नको ती दगदगही अंगावर घेतात. यातली निम्मी कटकट बिनदिक्कत टाळता येते. उरलेली निम्मी टाळलीत तर लेस महिन्याभरानं तोंडघशी पाडते.

आधी गोष्ट आहे काय ते. बॉबिन म्हणजे शिलाई मशीनच्या पोटातली ती लोखंडी चकती नव्हे. इथे बॉबिन म्हणजे बोटभर लांबीची, कातीव लाकडी काडी. तिच्या मानेला दोरा गुंडाळायचा आणि दोऱ्याचं दुसरं टोक दुसऱ्या काडीवर. अशा जोड्या उशीवर खोचलेल्या टाचण्यांना टांगायच्या आणि एकमेकींवरून सरकवत जायचं. क्रोशात एक दोरा आणि एक सुई असते. इथे पंचवीस-तीस दोरे एकाच वेळी पुढे सरकतात. माग नसलेलं विणकामच म्हणा. सोळाव्या शतकात व्हेनिस आणि फ्लँडर्सकडे हे काम रुजलं आणि १५६१ साली झुरिकमध्ये त्याच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आलं. आजच्या तमिळनाडूतल्या नागरकोइलला लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनी मुलींना लेस शिकवायला सुरुवात केली होती.

आमच्या बडोद्यात मंगळ बाजारात मीटरवर मिळणारी सुती, पंख्यापंख्यांच्या काठाची लेस मात्र हातची नाही. ती बार्मेन नावाच्या गोल मशीनवर निघते, आणि सोपे नमुने ते मशीन इतके हुबेहूब काढतं की लांबून फरक कळत नाही. तेव्हा पैसे वाचवायला किंवा चार पैसे कमवायला हे शिकायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. मीटरभर लेस तुम्ही जितक्या दिवसांत कराल त्याची मजुरी लावली तर गिऱ्हाईक उभं राहणार नाही.

सामान

बॉबिन. परदेशातून मागवायची अजिबात गरज नाही, आपल्या शेजारी संखेडा आहे. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागाच्या लाकडावर लाखेचे रंग चढवून झोपाळे-खुर्च्या करतात. ज्यांच्या चरकावर पाळण्याचे दांडे उतरतात त्यांना दहा सेंटिमीटरची काडी म्हणजे किरकोळ काम. फक्त चित्र काढून न्या. एक डोकं, डोक्याखाली खाच, मग दोरा गुंडाळायला बारीक मान, खाली थोडं जाड अंग. नुसतं तोंडी सांगितलंत तर "आ शुं, ढींगलीनुं वेलण?" असं ऐकावं लागेल, आणि खरोखर बाहुलीची लाटणी हातात येतील. दोन गोष्टी बजावून सांगा. मानेवर लाख नको, कारण गुळगुळीत मानेवरून दोऱ्याचा फास घसरतो. आणि सगळ्या काड्या एकाच वजनाच्या हव्यात. रंग हवा तर अंगाला द्या, छान दिसतो आणि जोड्या ओळखायलाही बरा. सुरुवातीला चोवीस पुरतात, म्हणजे बारा जोड्या. पण तीस करून घ्या, चार-सहा वाकड्या निघतातच.

इंग्लंडमध्ये बेडफर्डशर-बकिंगहॅमशरकडच्या बॉबिनना खाली काचमण्यांची कडी असते. ती नुसती नटवेगिरी नाही. वजनामुळे दोरा ताणलेला राहतो आणि काडी उशीवरून गडगडत नाही. खंबायतचे अकीकाचे छोटे मणी घेऊन तारेत ओवले तर हेच साधतं. पण ही हौस दुसऱ्या पट्टीनंतरची. ज्यांना हात लावून बघायचं आहे इतकंच, त्यांनी गोल लाकडी काडीचे तुकडे करून मानेच्या जागी कानसाने घासले तरी चालेल.

उशी. गादी-तक्क्यांच्या घरातला लोड बघून बहुतेकांना वाटतं की काम झालं. लोडाचा आकार बरोबर आहे, माल्टात आणि स्पेनमध्ये लेस लांबट लोडावरच करतात. पण आपल्या लोडात कापूस असतो. कापसात टाचणी उभी राहते, टिकत नाही. दोरा ओढला की झुकते. जुन्या उश्या पेंढा ठेचून-ठेचून दगडासारख्या भरलेल्या असत. तसं करायचं तर जाड कापडाची पिशवी, बारीक कापलेला वाळका पेंढा आणि एक पूर्ण दुपार लागते, शिवाय घरभर कुसळं. ही कटकट खुशाल टाळा. पॅकिंगमध्ये येणारा घट्ट पांढरा फोम, पाच सेंटिमीटर जाड आणि साधारण चाळीस सेंटिमीटरचा चौरस किंवा गोल, वर ताणून बसवलेलं गडद निळं किंवा हिरवं सुती कापड. कापडाला रुवा नको आणि छापही नको. थर्मोकोलवर भागतं, पण काही महिन्यांत त्याची चाळण होते.

टाचण्या. इथे मात्र काटकसर करू नका. बारीक, लांब (तीन सेंटिमीटरच्या आसपास) आणि न गंजणाऱ्या. दुकानात 'टांकणी' म्हटलंत की कागदाला लावायची जाडजूड टाचणी पुढे येते. ती पुठ्ठ्याची भोकं मोठी करते आणि श्रावणात गंजते. पांढऱ्या दोऱ्यावर गंजाचा डाग पडला की गेली लेस. आपल्या पावसाळ्यात उशी आठवडाभर तशीच पडली तरी हे होतं. शिंप्यांना लागणारी बारीक स्टेनलेस स्टीलची टाचणी मागा. दीडशे लागतील.

दोरा. पहिल्या कामाला क्रोशाचा सुती दोरा, २० नंबरचा, उत्तम. पॉलिएस्टरचा शिलाई दोरा नको, तो घसरतो आणि ताण धरत नाही. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, घरात पतंगाच्या फिरक्या पडलेल्या असतात आणि कुणीतरी काका सुचवतातच, "एवढा दोरा आहे, वापर की!" मांजा लावलेला दोरा बोटंही कापेल आणि शेजारचे दोरेही. त्या फिरक्या काकांनाच परत करा.

याखेरीज ग्राफ पेपर, रंगीत कार्डशीट, बारीक क्रोशा सुई आणि कामावर झाकायला धुतलेला पंचा. उशी टेबलावर ठेवा किंवा चौरंगावर. आपल्याकडे खाली मांडी घालून बसणाऱ्यांना चौरंगाची उंची बरी पडते. उशीची मागची कड पुस्तकं घालून थोडी उचला, म्हणजे बॉबिन आपल्या वजनानं खाली ओढून राहतात.

नमुना टोचणे : इथे घाई नको

शिकायला टॉर्शन जातीची लेस घ्या. तिची जाळी पंचेचाळीस अंशात, म्हणजे तिरप्या चौकटींत बसते, त्यामुळे नमुना ग्राफ पेपरवर स्वतः काढता येतो. २० नंबरच्या दोऱ्याला साडेतीन ते चार मिलिमीटरची चौकट ठीक बसते. दोरा बारीक घेतलात तर चौकटही लहान करा, नाहीतर मच्छरदाणी होईल.

पहिला सराव पट्टीचा. दीड सेंटिमीटर अंतरावर दोन उभ्या रेषा काढा. प्रत्येक रेषेवर चार-पाच मिलिमीटरवर एक ठिपका, पण डावीकडचे ठिपके उजवीकडच्या ठिपक्यांच्या मध्ये येतील असे. कागद कार्डशीटवर चिकटवा, खाली फोमचा तुकडा घ्या, शिवणाची सुई जुन्या पेन्सिलीच्या खोडरबरात उलटी खोचून मूठ करा आणि प्रत्येक ठिपका टोचत चला. सुई सरळ उभी. भोक ठिपक्याच्या शेजारी नको, ठिपक्यातच.

हे काम रटाळ आहे, त्यात गोड मानून घेण्यासारखं काही नाही. म्हणूनच लोक विचारतात, कागद थेट उशीवर लावून टाचणी खुपसली तर? पट्टीला चालून जाईल. जाळीला नाही. लेस म्हणजे टाचण्यांच्या जागा. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं की तिथली चौकट तिरकी होते, आणि विणताना दोरा ओढून ती सुधारत नाही. टाचण्या काढल्यावर तर उलट उठून दिसते. झेरॉक्सनंही कागद थोडासा ताणला जातो, तेव्हा कॉपीवर पट्टी ठेवून मापं तपासा. कार्ड पिवळं, तपकिरी किंवा निळं घ्या. पांढऱ्या कार्डावर पांढरा दोरा म्हणजे डोळ्यांचं वाटोळं.

दोरा भरणे

यासारखा कंटाळा कशाचा नाही. एका जोडीला एकच अखंड दोरा, मध्ये गाठ नाही. पहिल्या पट्टीसाठी अडीच मीटर कापा, अर्धा एका बॉबिनवर, अर्धा दुसऱ्या. ही पट्टी आठ जोड्यांची. त्यांतल्या एका जोडीला दुप्पट दोरा भरा आणि तिचा रंग वेगळा घ्या, तिचं काम पुढे येतं. सगळ्या बॉबिनवर दोरा एकाच दिशेनं गुंडाळा, नाहीतर लांबवताना प्रत्येकीला वेगळ्या बाजूनं फिरवत बसाल. बॉबिन फिरवा, दोरा तिच्याभोवती फिरवू नका. दोरा फिरवला की त्याला जास्तीचा पीळ पडतो किंवा असलेला उलगडतो.

शेवटी खाचेत फास. डाव्या अंगठ्यावर दोऱ्याचा एक वेढा घ्या, तो उलटा करून बॉबिनच्या डोक्यावरून उतरवा आणि ओढा. बॉबिन लटकवून बघा: नुसती धरली तर खाली सरकायला नको, आडवी धरून हलकेच फिरवली तर दोरा सुटायला हवा. सरकत असेल तर दोन वेढ्यांचा फास घाला. हे एकदा हातात बसलं की भरणं नजर न लावता होतं. इथे कुणी तपश्चर्या करत नाही. क्रिकेटची मॅच लावा, भाचीला पाच रुपये जोडी असं कामाला लावा, ड्रिल मशीनच्या तोंडात बॉबिन धरून सावकाश फिरवा. कसंही भरा, लेसला कळत नाही.

दोन हालचाली

चार बॉबिन, म्हणजे दोन जोड्या समोर घ्या. डावीकडून जागांना १, २, ३, ४ म्हणा. हे आकडे जागांचे, बॉबिनचे नव्हेत. बॉबिन हलली की ती ज्या जागी गेली त्या जागेचा आकडा तिला लागतो. नवशिक्यांचे निम्मे गोंधळ इथेच मिटतात.

क्रॉस: २ उचलून ३ वरून पलीकडे. म्हणजे मधल्या दोघींत डावी उजवीवरून.

पीळ: २ ही १ वरून, आणि ४ ही ३ वरून. म्हणजे प्रत्येक जोडीत उजवी डावीवरून.

एवढंच. क्रॉस नेहमी डावी वर, पीळ नेहमी उजवी वर, कधीही उलट नाही. आता क्रॉस-पीळ-क्रॉस केलं की कापडी टाका, क्रॉस-पीळ केलं की अर्धा टाका, आणि क्रॉस-पीळ-क्रॉस-पीळ केलं की पूर्ण टाका. युरोपातल्या छापील आकृत्यांत यांना रंग ठरलेले असतात: कापडी टाक्याला जांभळा, अर्ध्याला हिरवा, पूर्णाला लाल. हे तीन रंग लक्षात ठेवलेत तर फ्रेंच-डच न कळताही त्यांची आकृती वाचता येते. एक अडचण सांगून ठेवते: इंग्लिश नमुन्यांत लेसचा सरळ काठ बहुधा उजवीकडे असतो, युरोपातल्या बऱ्याच नमुन्यांत डावीकडे. आकृती उलटी वाटली तर तुमचं डोकं ठिकाणावर आहे, काठ बघा.

पहिली पट्टी

वर ओळीनं टाचण्या लावून आठ जोड्या टांगा. रंगीत जोडी डाव्या टोकाला. ती चालती जोडी, बाकी सात उभ्या.

चालती जोडी पहिल्या उभ्या जोडीशी कापडी टाका घेते आणि तिच्यातून पार होऊन दुसरीसमोर येते, मग तिसरीसमोर. दांडियात एका जोडीदाराशी टिपरी वाजवून पुढच्यासमोर जावं तसंच हे आहे, आणि बडोद्यात वाढलेल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. उजव्या टोकाला पोचल्यावर चालत्या जोडीला दोन पीळ, तिच्या आणि शेवटच्या उभ्या जोडीच्या मध्ये पुढच्या भोकात टाचणी, आणि परत. काठाच्या टाचण्या किंचित बाहेर आणि मागे झुकवा. सरळ खोचल्या तर ताणानं आत झुकतात.

ताण हा यातला खरा कंटाळा आणि तो टाळायचा नाही. टाचणी लावली की चालती जोडी हलकेच ओढा, मग उभ्या जोड्या एकेक करून खाली ओढून सरळ करा. प्रत्येक ओळीला. पहिल्या चार सेंटिमीटरमध्ये तुमची पट्टी कडेला लाटा मारेल, मध्ये भोकं दिसतील. रंगीत दोऱ्याचा फायदा इथे कळतो: रंग मध्येच उभ्या दोऱ्यांत दिसला तर त्या जागी टाका चुकला.

थोडी पट्टी झाली की त्याच जोड्यांवर अर्धा टाका करून बघा. इथे गंमत आहे. कापडी टाक्यात चालती जोडी जोडीनं जाते. अर्ध्या टाक्यात तिच्यातला एकच दोरा आडवा धावतो आणि बाकी सगळे तिरपे होऊन जाळी पडते. रंगीत जोडी वेगवेगळी होऊन पट्टीभर भटकते. घाबरू नका, तसंच व्हायचं असतं.

दोरा कमी पडला की बॉबिन आडवी धरून फिरवा, सुटतो. सगळ्या बॉबिन लेसपासून साधारण आठ-दहा सेंटिमीटरवर लटकत्या ठेवा. एक लांब, एक आखूड झाली की गुंता झालाच म्हणून समजा.

उलटं सोडवणे

चूक दिसते ती नेहमी चार ओळी खाली गेल्यावर. सोडवायचं म्हणजे केलं त्याच्या उलट क्रमानं, उलट दिशेनं: शेवटचा क्रॉस आधी, म्हणजे ३ उचलून २ वरून परत. सुरुवातीला हे करण्यापेक्षा कात्री घ्यावीशी वाटते. घेऊ नका. लेस वाचायला येते ती विणून नाही, सोडवून. कुठला दोरा कुठून आला हे बोटांना इथे समजतं, आणि दोन-तीन वेळा सोडवलं की चूक चार ओळींऐवजी एका ओळीत दिसू लागते. कारागीर माणसंही सोडवतात, फक्त कुरकुर न करता.

दोरा तुटला तर घाबरू नका. चालू ओळीत गाठ मारायची नाही. नवी भरलेली बॉबिन आणा, तिचं टोक मागे एका टाचणीला बांधा आणि जुन्या दोऱ्याबरोबर नवा दोरा कापडी टाक्यांतून थोडं अंतर जोडीनं चालवा. मग जुना सोडून द्या, टोकं शेवटी कापा. तुटलेलं टोक अगदी आखूड असेल तर पुरेसं लांब होईपर्यंत मागे सोडवावं लागतं.

जाळी, कोळी, पंखा

पट्टी जमली की जाळी. टॉर्शनच्या जाळीचा टाका असा: क्रॉस, पीळ, टाचणी, क्रॉस, पीळ. टाचणी दोन्ही जोड्यांच्या मध्ये, आणि दुसरा अर्धा टाका तिला खालून बंद करतो. विणायची तिरप्या रांगेनं, काठापासून खाली. नवशिके आडव्या ओळीनं जातात आणि तिसऱ्या टाचणीला अडकतात, कारण तिथे लागणारी जोडी अजून वरच्या टाचणीतून आलेलीच नसते. कोणत्या टाचणीला कुठल्या दोन जोड्या येतात ते बोटानं कार्डावर फिरवून बघा. कुठलीही टाचणी तेव्हाच लावता येते जेव्हा तिच्या वरच्या दोन्ही टाचण्या झालेल्या असतात.

जाळीचा एकसुरीपणा लोकांना एकतर आवडतो किंवा अजिबात सोसत नाही. मला आवडतो. लाकडावर लाकूड टिकटिकत जातं, हात स्वतःच चालतात, डोकं रिकामं. इंग्लंडमधल्या लेसशाळांत पोरींना ओळीनं बसवून टाचण्या मोजत म्हणायची बोलगाणी होती, वेग टिकावा म्हणून; रात्री पाण्यानं भरलेल्या काचेच्या चंबूतून मेणबत्तीचा उजेड एकवटून कामावर पाडत. पाच-सहा वर्षांची मुलं दिवसदिवसभर बसवलेली असत, तेव्हा त्यात रम्य काही नव्हतं. तुम्ही मात्र अर्ध्या तासानं उठा, मान फिरवा.

मग कोळी. शिकवताना मी जाळीच्या आधी कोळीच दाखवते, क्रम चुकतो हे कबूल, पण माणूस टिकतं. जाळीत मोकळा ठेवलेला चौकोन, त्यात डावीकडून तीन जोड्या येतात, उजवीकडून तीन. प्रत्येकीला तीन-तीन पीळ द्या, हे पाय. आता उजवीकडची प्रत्येक जोडी डावीकडच्या तिन्ही जोड्यांतून कापडी टाक्यानं पार न्या. मधोमध एक टाचणी, तीन जोड्या या बाजूला, तीन त्या. परत तसंच एकमेकींतून पार. या घडीला समोर नुसता ढिला पुंजका दिसतो, कुठेच काही नाही. आता सहाही जोड्या दोन्ही बाजूंना धरून खाली ओढा, सावकाश, आळीपाळीनं. पुंजका आवळत जातो, मधलं अंग गोल होतं आणि पाय ताठ उभे राहतात. खालच्या पायांना पुन्हा तीन-तीन पीळ. पहिला कोळी बसला की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला जातो.

पंखा म्हणजे बाहेरचा वळणदार काठ. त्यात एक चालती जोडी आतबाहेर करते आणि प्रत्येक फेरीला एक जोडी घेते, मध्यापर्यंत, मग एकेक सोडत येते. पहिला पंखा आकृतीत बोट ठेवून होतो, दुसराही. तिसऱ्या-चौथ्याला तुमच्या लक्षात येतं की तुम्ही कागदाकडे बघितलेलंच नाही. या कामातला सगळ्यात मोठा आनंद विचाराल तर हा.

पानं, म्हणजे एका दोऱ्यानं तीन दोऱ्यांत विणलेली छोटी भरीव पाकळी, पहिल्या वर्षी टाळा. सुंदर दिसतात, पण चालता दोरा चुकून ओढला की पाकळीची काडी होते. स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावी १८७६ पासून लेसची शाळा चालते आणि एकेकाळच्या पारा-खाणीच्या त्या गावात पोरं ही कला वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्यानं शिकतात. आपण रविवारी सुरू करून दिवाळीपर्यंत पाकळ्या काढू म्हणणं थोडं जास्तच होतं.

जागा संपली की

सपाट उशीवर काम खाली-खाली येतं आणि एक दिवस उशी संपते. मग बॉबिन पंच्यात गुंडाळून, टाचण्या काढून, लेस वर सरकवून पुन्हा लावायची. हे किचकट आहे आणि गुंता हमखास. म्हणून मीटरभराची लेस करायची असेल तेव्हा फिरत्या रुळाची किंवा लोडासारखी उशी करून घ्या. कार्ड तिच्याभोवती पूर्ण वळसा घालतं आणि काम कधी संपतच नाही. पण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या कामाला सपाट उशी पुरते. पहिलं काम म्हणून बारा जोड्यांची खूणपट्टी करा, पुस्तकात ठेवायला. झबल्याचा काठ किंवा ब्लाउजच्या बाहीचा काठ दुसऱ्या खेपेला. दोन बाह्या सारख्या ताणाच्या व्हायला हात बसावा लागतो.

उशी झाकून ठेवा, रोज. एप्रिल-मेची धूळ पांढऱ्या दोऱ्यात बसली की धुऊनही करडी छटा राहते. उन्हाळ्यात हात घामट होतात, तेव्हा हात धुऊन कोरडे करून बसा, पण पावडर लावू नका, ती दोऱ्यात भरते. नवरात्रात तर उशीकडे कुणी बघणार नाही हे उघडच आहे. त्या आधी चालू ओळ पूर्ण करून, बॉबिन रबरबँड न लावता पंच्याच्या घडीत बांधून ठेवा. रबर उष्णतेनं वितळून लाकडाला चिकटतं.

टाचण्या काढणे आणि टोकं

काम चालू असताना मागच्या टाचण्या लवकर काढायचा मोह होतो, विशेषतः टाचण्या कमी पडल्यावर. मधल्या काढल्या तरी काठाच्या निदान सात-आठ सेंटिमीटरपर्यंत राहू द्या. शेवटची टाचणी लागल्यावर लेस रात्रभर तशीच ठेवा. दोऱ्याला वळणाची सवय व्हावी लागते. पावसाळी हवा असेल तर दोन रात्री.

शेवटाला जोड्यांच्या साध्या गाठी मारून टोकं तीन-तीनच्या वेण्यांत सोडली की खूणपट्टीला झालर होते, सुईकाम वाचतं. काठ कापडाला शिवायचा असेल तर टोकं सुईनं उलट बाजूच्या कापडी टाक्यात ओवून घ्या. दीड-दोन सेंटिमीटर पुरे. शिवण शिकलेल्या कुणीही हे सांगेल, पण टोक गाठीशी कापू नका.

टाचण्या एकेक करून सरळ वर उपसा, तिरप्या नको. लेस उशीवरून सुटते तेव्हा पहिल्यांदाच तिची मागची बाजू दिसते, आणि चुकाही. कापडाला लावायच्या आधी कोमट पाण्यात एकदा भिजवून, पिळता न पिळता टॉवेलवर सपाट वाळवा, म्हणजे जे काही आटायचं ते आधीच आटतं. इस्त्री उलट बाजूनं, वर ओलसर मलमल घालून.

बॉबिनवर दोरा उरला असेल तर उतरवून फेकू नका. उरलेल्या दोन-दोन बॉबिनच्या टोकांची गाठ मारा, गाठ एका बॉबिनवर आत गुंडाळून घ्या आणि अखंड भागाच्या मध्यावर जोडी टांगा. सरावाच्या पुढच्या पट्टीपुरता एवढा दोरा होतो, आणि भरायच्या जोड्या तेवढ्याच कमी.